मशीद बंदरची ‘मशीद’

(सदर : उंबऱ्यापलीकडे)

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचं माहेर गिरगावात. माहेरी यायचं म्हणजे मशीद स्टेशनला उतरायचं, मग भुलेश्वरातून भाजी-फुलं बघत चालत यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या लिहितात, ‘‘स्टेशनाचं नाव मशीद, पण ती मशीद कोणती? कितीदा गाडीतून डोकावून पाहिलं. धाकटा दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी काहीतरी थाप मारते.’’ (गाडीतून डोकावू नका हो, एवढं आधी सांगते!)

तर उत्तर असं, की ज्या मशिदीवरून स्टेशनाला हे नाव पडलं असं जुने मुंबईकर सांगतात, ती मुसलमानांची मशीद नव्हेच. ते आहे यहुदी लोकांचं प्रार्थनाघर. इंग्रजीत ज्याला सिनेगॉग म्हणतात, त्याला आपले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, आपल्या घरगुती भाषेत मशीदच म्हणत आले आहेत. मांडवीजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर ती आजही उभी आहे. तिचं हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. पण समाजात तिला ‘जुनी मशीद’ म्हणतात. १७९६ साली ती स्थापन झाली आणि १८६० मध्ये आताच्या जागी आली. मुंबईतलं हे यहुद्यांचं पहिलं प्रार्थनाघर. पुढे १८४० च्या सुमारास शेजारच्याच वस्तीत दुसरं झालं, त्याला साहजिकच ‘नवी मशीद’ म्हणू लागले. ही ‘नवी’सुद्धा आता पावणेदोनशे वर्षांच्या पुढे गेली, ती गोष्ट वेगळी!

आता खरा प्रश्न पुढेच आहे. सिनेगॉग म्हणजे यहुद्यांचं देऊळ, असं आपण पटकन म्हणतो आणि मोकळ्या होतो. पण ते देऊळ नव्हे. यहुद्यांचं देऊळ म्हणावं असं एकच होतं, ते यरुशलेमला. इ.स. ७० मध्ये रोमन फौजांनी ते पाडलं, तेव्हापासून आजतागायत ते पुन्हा बांधलेलं नाही. तिथं पुरोहित असत, बळी देत, नैवेद्य चढे. ते सगळं थांबलं. मग जगभर विखुरलेल्या या लोकांनी काय केलं, तर जिथं असू तिथं चार माणसं जमून धर्मग्रंथ वाचायचा आणि प्रार्थना म्हणायची. ही जमण्याची जागा म्हणजे सिनेगॉग. शब्दाचा अर्थच मुळी ‘जमाव’, ‘सभा’ असा आहे. हिब्रूत ‘बेथ क्नेसेथ’ म्हणतात, म्हणजे सभेचं घर. काळ्या घोड्याजवळ फोर्टात जी देखणी इमारत आहे ना, तिचं नाव केनेसेथ एलियाहू, तेही याच शब्दावरून. जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ती १८८४ साली बांधली. ससून मंडळी बगदादकडून आलेली, श्रीमंत व्यापारी. भायखळ्याचं घड्याळाच्या मनोऱ्याचं मागेन डेव्हिड हेही त्यांचंच. बेने इस्राएल मात्र कोकणातले, तेलाचे घाणे चालवणारे, नंतर पलटणीत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या करणारे, म्हणजे आपल्यासारखेच मध्यमवर्गी. मी आज सांगते आहे ते मुख्यतः त्यांचं.

आत गेलं की काय दिसतं? मूर्ती नाही, तसबीर नाही. भिंतीशी, यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, एक सुंदर कपाट असतं आणि त्याच्यावर पडदा. त्याला हेखाल म्हणतात. कपाटात सेफेर तोरा, म्हणजे चामड्याच्या पत्र्यावर हातानं लिहिलेला धर्मग्रंथ, दोन दांड्यांवर गुंडाळलेला. एक अक्षर चुकलं, पुसलं, तर दुरुस्त होईपर्यंत तो वाचायला चालत नाही. अगदीच जीर्ण झाला तर तो रद्दीत नाही जात, माणसासारखा कबरस्तानात पुरतात. पुढे एक दिवा सतत तेवत असतो. मधोमध कठड्याचा चौथरा, तेबा; तिथून हझान म्हणजे प्रार्थना चालवणारा गृहस्थ वाचतो. दर शनिवारी थोडा थोडा भाग वाचून वर्षभरात ग्रंथ पुरा करतात, आणि पुरा झाला की तो हातात घेऊन चक्क नाचतात. बेने इस्राएलांच्या मशिदीत आणखी एक रिकामी खुर्ची असते, ती एलियाहू संदेष्ट्याची. मुलाची आठव्या दिवसाची सुंता होते, त्या वेळी तो येऊन बसतो अशी श्रद्धा. आणि एक रीत मला फार आवडते : एकानं दुसऱ्याचे हात आपल्या हातांत घ्यायचे आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावायची. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होते आणि बघता बघता सबंध सभाभर ही हातभेट फिरते.

आमच्या चाळीत पूर्वी दुपारचा शिवणाचा वर्ग चाले. शिकवणाऱ्या बाई बेने इस्राएल होत्या. नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, कपाळ मोकळं पण गळ्यात काळी पोत. एकदा कुणीतरी विचारलं, ‘‘बाई, तुम्ही मशिदीत जाता तेव्हा हार-नारळ काय नेता?’’

बाई हसल्या. ‘‘अगं, हार घालू कुणाला? तिथं मूर्ती कुठाय?’’

‘‘मग नेता तरी काय?’’

‘‘स्वतःला नेते. माणसं आली नाहीत तर मशीद म्हणजे काय, कुलूप लावलेली खोली!’’

त्या वेळी हे थट्टेवारी वाटलं. पण ते तंतोतंत खरं आहे. यहुदी धर्मात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असले तर चालत नाही. मग ते नऊ कितीही विद्वान असोत. दहावा शेंबडा पोर असला तरी तेरा वर्षांचा असला म्हणजे झालं. दहा नसतील तर ग्रंथ कपाटाबाहेर काढून वाचता येत नाही. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, आई किंवा वडील गेल्यावर मुलानं जी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणायची, तीही दहाजणांशिवाय म्हणता येत नाही. म्हणजे बघा, आपल्या आईच्या नावानं चार शब्द म्हणायला माणसाला दुसरे नऊजण लागतात. घरात दार लावून एकट्यानं रडता येईल, पण कद्दीश म्हणता येणार नाही. मला वाटतं, सिनेगॉग काय चीज आहे हे या एका नियमात कळतं. तिथं देव राहतो असं नाही. तिथं दहावा माणूस सापडतो.

पण मग मनात येतं, हे लोक कोकणात उतरले त्याला शेकडो वर्षं झाली. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं, असं त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आणि पहिली मशीद तर १७९६ ची! तोवर धर्म राहिला कुठं?

राहिला स्वयंपाकघरात, भगिनींनो.

हिब्रू विसरली होती, ग्रंथ जवळ नव्हते. एक ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी तोंडी उरली होती; जन्म, लग्न, मरण, सगळ्याला तीच म्हणत. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून तर गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लागायचा, आणि शनिवारी चूल पेटत नसे. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, म्हणून मटणाला नारळाचं दूध. सणांची हिब्रू नावंही गेली होती, त्यांच्या जागी आपल्या मराठी बायकांनी ठेवावीत तशी नावं आली होती : नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. वर्षातला सर्वांत मोठा उपासाचा दिवस, ज्याला योम किप्पूर म्हणतात, त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारं लावून घरात बसायचा दिवस. आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि गाठीभेटींचा.

त्यांच्यात डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूची गोष्ट सांगतात. हा बाहेरून आला, त्याला वाटलं हे लोक यहुदीच असावेत. पण खात्री कशी करणार? त्यानं पुरुषांची तोंडी परीक्षा घेतली नाही. त्यानं बायकांपुढं निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणून बाजूला सारले. धर्मशास्त्रातला नियम नेमका तोच! गुरूची खात्री पटली. गोष्ट खरी किती, कुणास ठाऊक. पण ज्या समाजानं आपल्या ओळखीची म्हणून ही गोष्ट जपून ठेवली, त्याला आपली परीक्षा कुठं पास झाली हे चांगलं माहीत होतं.

तरी मग मशीद हवीच कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर दिवेकरांच्या गोष्टीत आहे. सॅम्युएल यहेज्केल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, हे कंपनीच्या फौजेत अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. आख्यायिका अशी, की ‘बेने इस्राएल’ हे नाव ऐकून राजमातेनं त्यांना जीवदान द्यायला लावलं. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत ही मशीद बांधली, आणि नाव ‘दयेचं द्वार’ का, ते आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण मला त्यांच्याबद्दल खरी माया वाटते ती पुढच्या गोष्टीमुळे. नुसती भिंत बांधून भागणार नव्हतं, आत तोरा हवी होती. ती आणायला ते कोचीनला गेले, आणि तिथंच १७९७ मध्ये वारले. रस्त्याला नाव त्यांचंच आहे.

मशीद झाली, आणि गावोगाव विखुरलेली घरं एका जागी मोजली जाऊ लागली. लग्नाची नोंद वहीत होऊ लागली. मुलं हिब्रू शिकू लागली. त्यात आपल्या गिरगावचाही वाटा आहे, बरं का. आंबरोळीला १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी शाळा काढली, तीच पुढे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज झाली. या विल्सनसाहेबांनी बेने इस्राएल मुलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू अर्थात मिशनरी होता. पण झालं उलटंच : मुलं हिब्रू शिकली आणि ख्रिस्ती व्हायच्याऐवजी जास्त चांगली यहुदी झाली! पुढे याच कॉलेजात मोझेस एझिकेल वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि त्यांचे चिरंजीव कवी निस्सीम एझिकेल तिथंच एम.ए. झाले. हिब्रू प्रार्थना मराठीत आणायचं मोठं काम जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी केलं. १८८० पासून मुंबईत यहुदी कीर्तनं होऊ लागली; आपल्यासारखंच पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-पेटी, आणि आख्यान अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या वल्हांडणाच्या पोथीत चित्रं आहेत, त्यांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसून बसल्या आहेत. हा वल्हांडण म्हणजे पेसाह. त्याच्या आधी घराला चुना आणि भांड्यांना कल्हई! आपल्या दिवाळीच्या कामाची आठवण झाली की नाही?

आता जरा खटकणाऱ्या गोष्टीकडे येते. दहा पुरुष लागतात म्हटलं. बायका? बायका वर सज्जात बसतात. त्या दहात धरल्या जात नाहीत. आमच्या शिवणाच्या बाई म्हणत, ‘‘आम्ही वरून मोजतो ना! खाली नऊ झाले की सगळ्याजणी जिन्याकडे कान लावून.’’ ज्यांनी शेकडो वर्षं धर्म हंडीत आणि दिव्यात सांभाळला, त्यांची मोजणीत गणती नाही, हे मला पटत नाही. आणि हे पटत नसलेल्या त्यांच्यातही होत्याच. डॉ. जेरुशा झिराड हे नाव जुन्या मुंबईकर बायकांना ठाऊक असेल. १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या, १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईतल्या किती बाळंतिणी त्यांच्या हाताखालून सुखरूप घरी गेल्या असतील! त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या लंडनला असताना तिथल्या सुधारक यहुद्यांच्या संपर्कात आल्या आणि इथं १९२५ साली त्यांनी ज्यूइश रिलिजियस युनियन काढली. या मंडळींचं प्रार्थनाघर रोदेफ शालोम. तिथं बाई-पुरुष एकत्र बसतात. त्याच सुमाराला माझगावच्या सर एली कदूरी शाळेत रिबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या. १९०५ साली मॅट्रिकला साऱ्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. अशा बायका सज्जात किती दिवस बसून राहणार? मात्र बहुतेक जुन्या मशिदींत पूर्वीचीच रीत चालू आहे, आणि तिथल्या कित्येक बायकांची तक्रारही नाही. आपण बाहेरच्यांनी किती बोलावं, यालाही मर्यादा आहे.

लग्न मात्र बघण्यासारखं असतं. आदल्या दिवशी मेंदी, हिरवा चुडा. मशिदीत नवरी पांढरी साडी नेसून येते आणि तेब्याजवळ उभा असलेला नवरदेव तिच्याकडे तोंड करून हिब्रू गाणं म्हणतो. ती पावलं टाकत येते आणि त्याचं गाणं चालू. (आपल्याकडच्या नवऱ्यांना नाव घ्यायला सांगितलं तरी घाम फुटतो!) पेल्यात दारूऐवजी बहुधा मनुकांचं सरबत असतं. तेच शुक्रवारी घरोघरी करतात. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून फडक्यातून पिळून घ्यायच्या. साखर लागत नाही. उन्हाळ्यात करून पाहा, अंगाला फार थंड.

आणि मलिदा. नवस फेडायला, मूल परीक्षेत पास झालं, कुणी आजारातून उठलं, की एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करतात. जाडे पोहे धुऊन निथळत ठेवायचे, मऊ झाले की त्यात ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप, मनुका. परातीत मध्ये हा ढीग, भोवती पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाची पानं. दूध-तूप नाही, म्हणून मागून मटणाचं जेवणही चालतं. पुरुष मंडळी जमून एलियाहूचं गाणं म्हणतात आणि मग प्रसाद वाटतात. हा प्रकार जगातल्या दुसऱ्या यहुद्यांकडे असा नाही, तो आपल्या कोकणचा आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथूनच आकाशात गेला असं मानतात, आणि लोक नवस बोलायला जातात.

१९४८ साली इस्राएल देश झाला, तेव्हा बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मग माणसं जाऊ लागली. इथं कुणी त्यांना छळलं म्हणून नव्हे. भारतात यहुद्यांना तसा जाच झाला नाही हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. पण रोज ‘यरुशलेमला जाऊ’ असं म्हणणाऱ्यांना वाट उघडली होती. तिथं गेल्यावर काय झालं तर १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनीच शंका काढली, की हे मराठी लोक लग्नाला चालतील असे पक्के यहुदी आहेत का? पुन्हा परीक्षा! या वेळी मासे नव्हते, मोर्चे आणि धरणी होती. अखेर १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत हे मान्य झालं. आज भारतभर यहुदी उरले आहेत चार-पाच हजार. महाराष्ट्र सरकारनं त्यांना २०१६ साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

म्हणजे आता प्रश्न दहाचा आहे. इमारती अजून धडधाकट आहेत. केनेसेथ एलियाहूची तर २०१९ मध्ये सुंदर डागडुजी झाली. पण सॅम्युएल स्ट्रीटच्या आसपास यहुदी घरं जवळजवळ राहिली नाहीत. भायखळ्याच्या मागेन डेव्हिडच्या आवारातल्या ससून शाळेत मुलं बहुतेक सगळी मुसलमान आहेत. शेजारी नावाची चीज मुंबईत अजून आहे, एवढं समाधान.

आपल्या गिरगावचं काय झालं, ते पत्र लिहिणाऱ्या भगिनींना सांगायला नको. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो आहे. पण आरतीला उभे राहणारे निम्मे लोक बोरिवली-डोंबिवलीहून दहा दिवसांपुरते येतात. बेने इस्राएल कुटुंबंही अशीच ठाण्याकडे सरकली. म्हणून आज ठाण्याची शआर हाशामाइम, १८७९ ची, गजबजलेली असते. शनिवारी दहा जमवायला तिथं जिन्याकडे कान लावावा लागत नाही. फरक इतकाच, की आपली आरती पाच जणांतही होते.

ज्यांना जाऊन पाहायचं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. शनिवारी आणि सणाच्या दिवशी पाहुणे म्हणून जाऊ नये. तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी पैशाचा व्यवहारही करत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या छाबड हाऊसमध्ये धर्मगुरू आणि त्यांची पत्नी मारली गेली, तेव्हापासून बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि दारावर विचारलं तर राग मानू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमालही चालतो. बायकांनी पदर घ्यावा. हार, नारळ, पेढे काही नेऊ नयेत. चौकटीच्या उजव्या बाजूला एक लहानशी नळी ठोकलेली दिसेल, ती मझुझा. आत धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली असतात, आणि येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावतात. फोटो विचारूनच काढावा. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, बहुतेक वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आसपास येतो. त्याला गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा करतात. त्याची कृती पुढल्या अंकी देते, कारण चीक काढायला तीन दिवस लागतात आणि इथं आता जागा उरलेली नाही.